विश्लेषण : लाठीला जागा नसेल तर? फिलिपिन्सचे आर्निस आणि आपला फरी-गदका

मिरवणुकीत आखाड्याची पोरं लाठी फिरवू लागली की गर्दी आपोआप मागे सरकते. यवतमाळच्या दुर्गा विसर्जनात असो की शिवजयंतीला, लाठीला आधी जागा द्यावी लागते. पण समोरचा इतका जवळ आला, की लाठी फिरवायला जागाच उरली नाही, तर? काठीच्या लढाईतला हा सर्वांत अवघड प्रश्न. फिलिपिन्सने त्याचे उत्तर शोधून त्याला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. आपल्या जुन्या आखाड्यांकडेही त्याचे उत्तर होते.

आर्निस म्हणजे काय?

आपल्या आर्णीशी या नावाचा काही संबंध नाही. हा शब्द चिलखत या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आला. फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ अशी तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची सत्ता होती. याच विद्येला एस्क्रिमा आणि काली असेही म्हणतात. ११ डिसेंबर २००९ रोजी तिथे कायदा (क्रमांक ९८५०) झाला आणि आर्निस देशाची राष्ट्रीय युद्धकला व राष्ट्रीय खेळ ठरले. देशाच्या वार्षिक शालेय क्रीडा महोत्सवात आर्निसला सुरुवातीच्या सामन्यांत स्थान द्यायचे, हेही त्याच कायद्यात आहे.

आपली लाठी जवळपास माणसाच्या उंचीची. आर्निसची काठी मात्र साधारण २८ इंचांची, म्हणजे सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, आणि वेताची. वेत आतून भरीव व धाग्यांचा असल्याने मार खाऊन चिंबतो, सोलतो, पण सहसा त्याच्या धारदार चिरफळ्या उडत नाहीत. पोकळ बांबूच्या उडतात. आपल्याकडे लाठीसाठी भरीव मानवेल निवडतात, तेही त्याच कारणाने.

तीन अंतरे

आर्निसमध्ये लढतीची तीन अंतरे मानतात. लांबच्या अंतरावर तुमच्या काठीचे टोक फक्त समोरच्याच्या काठी धरलेल्या हातापर्यंत पोहोचते, म्हणून तिथे हातावरच मारायचे. मधल्या अंतरावर काठी डोक्या-अंगापर्यंत जाते आणि तुमचा रिकामा हात त्याच्या मनगटापर्यंत. जवळच्या अंतरावर दोघांचे दोन्ही हात एकमेकांना लागतात. इथे काठीच्या टोकाचा फारसा उपयोग नाही. मुठीखाली उरलेला चार बोटांचा बुंधा, कोपर आणि गुडघा कामाला येतात.

आणि सगळ्यात जास्त कामाला येतो तो रिकामा हात. नवशिक्याचा डावा हात नुसता लटकत राहतो. जाणता माणूस डाव्या हाताने समोरच्याची काठी थोपवतो, मनगट दाबतो, कोपर ढकलतो आणि संधी मिळाली की काठीच काढून घेतो. एवढ्या जवळ डोळ्याने वार बघून अडवायला वेळ नसतो, त्यामुळे स्पर्शाने अंदाज घ्यावा लागतो. म्हणून याचा सराव एकट्याने होत नाही. जोडीदार वार करतो, तुम्ही अडवून उलट वार करता, तो अडवतो, असे चक्र मिनिटेच्या मिनिटे चालते.

सेबू शहरातील बालिंतावाक ही शैली याच अंतरासाठी ओळखली जाते. वेनान्सियो बेकन यांनी १९५२ मध्ये आपला वेगळा गट काढला. बालिंतावाक रस्त्यावर घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे सराव चाले, म्हणून शैलीला रस्त्याचेच नाव पडले. एकच काठी, समोरासमोर, हात लागेल इतक्या अंतरावर.

आपल्याकडे काय होते?

फरी-गदका. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली छडी आणि फरी म्हणजे डाव्या हातातली लहान ढाल. ढाल-तलवारीचा सराव जीव न गमावता करता यावा, यासाठीचा हा खेळ. आर्निसवाल्यांचा रिकामा हात जे काम करतो, त्यातले बरेचसे इथे फरी करते. वारांना तमाचा, बाहेरा, शिर अशी नावे होती. उस्तादाने नाव पुकारायचे, एकाने मारायचे, दुसऱ्याने फरीवर घ्यायचे. आर्निसमध्ये हेच वार आकड्यांनी मोजतात, बहुतेक शैलींत बारा.

विदर्भाला हे परके नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. कोल्हापुरात मर्दानी खेळांचे आखाडे आजही चालतात.

मग अडले कुठे?

आखाडा मिरवणुकीत आला आणि बघणाऱ्यांसाठी खेळू लागला. गर्दीला गरगर फिरणारी लाठी, पेटती बनेटी, दांडपट्ट्याने कापलेले लिंबू आवडते. दोघे हातभर अंतरावर फरीवर वार घेताहेत, यात लांबून काही दिसत नाही. मिरवणुकीत काठी खूप फिरते, पण कुणावर पडत नाही. त्यामुळे ती अडवायची सवयही लागत नाही. फिरवण्याला कमी लेखायचे कारण नाही, त्याने मनगट आणि खांदा तयार होतो. पण ती तयारी आहे, लढत नव्हे.

पंजाबने दुसरा रस्ता धरला. तिथल्या गतक्याचे नियम आणि गुण ठरले. त्याच्या स्पर्धेतील एका प्रकाराचे नाव आहे फरी-सोटी. तीच फरी, तीच छडी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने खेलो इंडिया युवा स्पर्धेत गतका, कलरीपयट्टू, थांग-ता आणि मल्लखांब घेतले. २०२२ मध्ये हरियाणातील स्पर्धेत ते खेळलेही गेले. मल्लखांबामुळे महाराष्ट्राचे नाव त्या यादीत आहे, पण मर्दानी खेळ त्यात नव्हते.

याचा थेट परिणाम पोरांवर होतो. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, दोन्ही मान्यताप्राप्त खेळ आणि स्पर्धेची पातळी बघून मिळते. दहा वर्षे मिरवणुकीत लाठी फिरवलेल्या मुलीच्या हाती यातले काही येत नाही. तिचेच मनगट फरी-सोटीच्या मैदानात सहज चालेल.

शिकायचे असेल तर

वर्गात नाव घालण्यापूर्वी एक दिवस नुसते बसून बघा. पूर्ण तासात मुले एकट्यानेच काठी फिरवत असतील, तर तिथे प्रात्यक्षिक शिकवतात. जोडीने सराव होत असेल, तर डोक्याला जाळीचे शिरस्त्राण आणि हातात मोजे आहेत का, हे पाहा. या खेळात सर्वांत आधी बोटे ठेचतात आणि सर्वांत मोठा धोका डोळ्याला असतो. स्वसंरक्षणासाठी मुलीला पाठवत असाल, तर उस्तादांना एकच विचारा : डावा हात कधीपासून शिकवता?