अकिलिसचा सौदा, कर्णाचा सौदा

सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. अल्पायुष्य आणि अमर कीर्ती हीच होमरच्या 'इलियड'चा नायक अकिलिस याची ओळख असेल, तर आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना त्याच पंगतीत का बसवू नये, असं ते विचारतात. सोलापुरात १९१० साली जन्म, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला प्रयाण, डिसेंबर १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच मृत्यू. हिशेब वरवर जुळतो. पण अकिलिसचं वेगळेपण लवकर मरण्यात नाही, ते मरण आधी ठाऊक असण्यात आहे. थेटिसने, त्याच्या देवता असलेल्या आईने, त्याला दोन्ही वाटा सांगून ठेवल्या आहेत: ट्रॉयपुढे लढलास तर कीर्ती, घरी परतलास तर दीर्घायुष्य. कोटणीसांपुढे असा सौदा कुणी मांडला नव्हता, आणि ते गेले होते जखमींना वाचवायला.

खरी जोडी लागते ती कर्णाशी. वनपर्वात सूर्य त्याला बजावतो की इंद्र कवचकुंडलं मागायला येणार आहे, ती दिलीस तर जिवाला मुकशील. आणि कर्ण सरळ कीर्तीच्या बाजूने कौल देतो. उद्योगपर्वात तो कृष्णापाशी मन मोकळं करतो, पण तेही ठरलेला निश्चय सांगण्यासाठीच. त्याच्यावरचा अन्याय आपल्याला इतका बोचतो की ही ठाम निवड नजरेआड होते. कर्णावरची 'मृत्युंजय' कादंबरी १९६७ पासून हातोहात फिरते आहे ती काही उगाच नाही. अकिलिसच्या जन्मावर कसलाच डाग नाही, मग तो आपल्याला का धरून ठेवतो? माझ्या मते, तो सौदाच नाकारू पाहतो म्हणून. 'इलियड'च्या नवव्या सर्गात रुसून लढाईतून बाजूला झालेल्या अकिलिसला ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याची माणसं नजराणे देऊ करतात, तेव्हा तो म्हणतो की गुरंढोरं, घोडे पुन्हा मिळवता येतात, गेलेला प्राण मिळत नाही. ज्या कीर्तीवर महाकाव्य उभं, तिलाच त्याचा नायक कमी लेखतो!

यावर आक्षेप ठरलेला आहे: शेवटी तो लढलाच ना? लढला, पण त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस ट्रोजन वीर हेक्टरच्या हातून पडल्यावर. अठराव्या सर्गात आई सांगते की हेक्टरपाठोपाठ तुझाही मृत्यू आहे, तेव्हा तो आधी मित्राला वाचवू न शकल्याचं बोलतो. कीर्तीचा उल्लेख येतो, पण मागाहून. त्यानंतरचं क्रौर्य, चितेवर कापलेले बारा ट्रोजन तरुण, यांचं समर्थन करू नये; होमरही करत नाही. आणि कीर्तीबद्दलची त्याची शंका तरी मिटली का? 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात मेलेला अकिलिस म्हणतो की मृतांचा राजा होण्यापेक्षा गरिबाघरची मोलमजुरी पत्करेन. पण तिथेच तो मुलाची चौकशी करतो, मुलगा रणात गाजला हे ऐकतो आणि खूश होऊन लांब ढांगा टाकत निघून जातो.