लिस्बनमधील काही तास आणि छप्पर नसलेले चर्च

फातिमा मातेच्या यात्रेला जाणारे आपल्याकडील अनेक भाविक लिस्बनला उतरतात आणि बसने थेट सव्वाशे किलोमीटरवरील फातिमा गाठतात. पोर्तुगालची ही राजधानी त्यांच्या लेखी केवळ विमानतळ असते. आम्हीही तसेच परतलो असतो. परंतु परतीच्या विमानास काही तासांचा अवकाश होता, म्हणून सामान ठेवून आम्ही जुन्या शहरात गेलो. एवढ्या वेळात सारे शहर पाहून होत नाही. मात्र पायी जाण्याच्या अंतरावरील काही ठिकाणे क्रमाने पाहिली, तर या नगरीवर ओढवलेल्या एका मोठ्या संकटाची कहाणी उलगडते.

आरंभ कॅथेड्रलपासून करावा. गोव्याप्रमाणे येथेही त्याला 'से' म्हणतात. राजा आफोन्सो हेन्रिक्स याने ११४७ साली धर्मयोद्ध्यांच्या साहाय्याने मूरांकडून शहर जिंकले आणि त्यानंतर या वास्तूचे बांधकाम सुरू झाले. जाड भिंती आणि दोन भक्कम मनोरे पाहून एखाद्या किल्ल्याचीच आठवण होते. जवळच संत अंतोनींचे चर्च आहे. आपण त्यांना 'पादुआचे' म्हणतो. लिस्बनकरांना ते मान्य नाही. सुमारे ११९५ साली संतांचा जन्म या शहरात झाला आणि 'से'मध्ये त्यांचा बाप्तिस्मा होऊन फर्नांदो हे नाव ठेवण्यात आले. त्यांचे जन्मघर होते असे मानले जाणारे स्थान आज चर्चच्या तळघरात आहे. १९८२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तेथे प्रार्थना केली होती.

तेथून उतार उतरला की अरुंद, वळणदार गल्ल्या संपतात आणि सरळ रेषेत आखलेले रस्ते सुरू होतात. या बदलाचे कारण म्हणजे १ नोव्हेंबर १७५५. तो सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना, भयंकर भूकंप झाला. मोकळ्या जागेच्या शोधात अनेक जण नदीकिनारी धावले. थोड्याच वेळात तेथे त्सुनामीच्या लाटा आल्या. वेदीवरील मेणबत्त्या आणि घरोघरच्या चुली यांमुळे लागलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. मृतांची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान असावी, असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे.

सणाच्या दिवशी, देवाच्या मंदिरात, प्रार्थना करणाऱ्यांवरच छप्पर का कोसळावे? हा प्रश्न साऱ्या युरोपला पडला. गाब्रिएल मालाग्रिडा या वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूंनी १७५६ साली पुस्तिका लिहून हा देवाचा कोप असल्याचे सांगितले आणि लोकांना प्रायश्चित्त करण्याचा आग्रह केला. राजाचे प्रधान, जे पुढे पोंबालचे मार्किस म्हणून ओळखले गेले, त्यांना हे रुचले नाही. मृतांची विल्हेवाट, धान्यपुरवठा आणि नवी घरे ही त्यांची तातडीची कामे होती. धक्के सोसण्यासाठी नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे घालण्यात आले. सत्ता मात्र निष्ठुर ठरली: १७५९ साली येशूसंघीयांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि १७६१ साली मालाग्रिडांना पाखंडी ठरवून देहदंड देण्यात आला.

या वादात एक गोष्ट सहसा विसरली जाते. भूकंपानंतर देशभरातील धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवण्यात आली होती. धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, किती माणसे दगावली, असे प्रश्न त्यात होते. उत्तरे लिहिली ती गावोगावच्या धर्मगुरूंनी. भूकंपशास्त्राच्या प्रारंभीच्या नोंदींत आज त्यांची गणना होते. आपल्या मृतांना मूठमाती देणाऱ्या त्या धर्मगुरूंनी सत्यही नोंदवून ठेवले.

अखेरीस आम्ही टेकडीवरील कार्मो चर्चपाशी आलो. सेनापती नुनो आल्वारेस पेरेरा यांनी १३८९ साली कार्मेलाईट संघासाठी त्याची स्थापना केली आणि पुढे शस्त्रे ठेवून ते स्वतः तेथेच व्रतस्थ बंधू झाले. २००९ साली त्यांना संतपद देण्यात आले. भूकंपात या चर्चचे छप्पर कोसळले. पुनर्बांधणी सुरू झाली. पण १८३४ साली धर्मसंघ बरखास्त होताच ती थांबली. आज दगडी कमानींवर केवळ आकाश आहे.

त्या कमानींखाली उभे असताना आम्हाला शिलोहाच्या बुरुजाची आठवण झाली. तो कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट सांगितले आहे. प्रभूने प्रत्येकाला पश्चात्तापाचे आवाहन केले. मृतांवर दोष मात्र ठेवला नाही. एखाद्या घरावर मृत्यू वा महापूर ओढवला की 'काहीतरी पाप असणार' अशी कुजबूज आपल्यातही होते. ती करण्यापूर्वी हा उतारा वाचावा.

वसईच्या किल्ल्यातही छप्पर हरपलेल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. तेथे कारण भूकंपाचे नव्हते, तर युद्धाचे आणि त्यानंतरच्या उपेक्षेचे होते. तरीही भोवतालच्या गावांतील विश्वास टिकला. लिस्बनमध्येही टिकला. फातिमाला जाल तेव्हा प्रवासाच्या आखणीत या शहरासाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा.