वडिलांच्या एचएमटीवरचा चरा

रायपूरहून एका वाचकाने विचारले आहे : वडिलांच्या जुन्या एचएमटी ‘जनता’ घड्याळाची काच टूथपेस्टने घासली तर आरशासारखी झाली. हुरूप येऊन तोच प्रयोग स्वतःच्या नव्या घड्याळावर केला, तर ट्यूब संपली पण चरे जागच्या जागी. असे का?

कारण ‘जनता’ची काच ही काच नव्हेच. ते ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक. टूथपेस्टमधली खडूची किंवा सिलिकाची पूड त्याला सहज घासते. आता, चरा ‘गेला’ असे आपण म्हणतो, पण तो भरून आलेला नसतो. भोवतालची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली उतरलेली असते. न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये हे सांगून ठेवले आहे : पॉलिश करणे म्हणजे मोठे चरे घालवून डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक चरे पाडणे.

नव्या घड्याळावर बहुधा मिनरल ग्लास असेल. मोह्सच्या कठिणतेच्या पट्टीवर तिचा क्रमांक साडेपाच-सहा. खिशातली किल्ली तिचे फारसे बिघडवत नाही, बिघडवते ती धूळ. वाळूतले क्वार्ट्झ सातवर आहे. नवा रायपूरमध्ये जिकडेतिकडे बांधकामे चालू असताना शर्टाच्या बाहीने घड्याळ पुसणे म्हणजे त्यावर पॉलिश पेपर फिरवणे. अशा काचेवर टूथपेस्ट हरते. सिरियम ऑक्साइडची पूड, पाणी आणि चिकाटी असेल तर बारीक रेघा निघतात. पण नख अडकेल इतका खोल चरा असेल तर नाद सोडावा. तेवढा खड्डा सपाट करू जाल तर काचेला बाक येतो आणि आकडे वाकडे दिसू लागतात.

मुळात तो चरा आहे का, हेही आधी बघायला हवे. नख न अडकणारे पांढुरके डाग पुष्कळदा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे असतात आणि व्हिनेगरच्या बोळ्याने जातात. आतून धुके धरले असेल तर दोष काचेचा नाही, रबरी वायसरचा. सगळ्यात मजेदार प्रकार सफायर काचेवर होतो. ती दाराच्या कडीला घासली की चरा कडीला पडतो आणि तिथला धातू काचेवर रेघेसारखा चिकटतो. घाबरलेला मालक दुकान गाठतो. काम मात्र शाळकरी खोडरबराचे असते.

सफायर म्हणजे नीलमच, फक्त बिनरंगाचा. आणि नीलम म्हणजे आपला कुरुंद, धार लावणाऱ्याच्या चाकातला. मोह्सच्या पट्टीवर नऊ, वर फक्त हिरा. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही इथूनच गेलेला आहे, संस्कृत ‘कुरुविंद’ आणि तमिळ ‘कुरुंदम’च्या कुळातला. छत्तीसगडकरांना तर त्यासाठी लांब जायला नको. बिजापूर जिल्ह्यात, भोपालपट्टनमजवळच्या कुचनूरला कुरुंद सापडतो. इंद्रावती ओलांडली की आपला महाराष्ट्रातला सिरोंचा तालुका.

घड्याळात मात्र कारखान्यातला कुरुंद असतो, आणि त्याचे श्रेय ज्याचे, त्या ऑग्युस्त व्हेर्नोयचे नाव घड्याळाच्या शौकिनांनाही ठाऊक नसते. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून ॲल्युमिनाची पूड चिमटी चिमटीने खाली सोडायची. ती दोन हजार अंशांच्या वर वितळून खालच्या दांडीवर थेंबाथेंबाने साचते आणि एकसंध स्फटिक वाढत जातो. या फ्रेंच माणसाने ही कृती 1891 आणि 1892 मध्ये मोहोरबंद पाकिटांतून पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे ठेवून दिली आणि 1902 पर्यंत तोंड उघडले नाही! त्याची कृत्रिम माणके (माणिकही कुरुंदच) घड्याळाच्या चाकांच्या आसांच्या टोकांशी बसली. वडिलांच्या ‘जनता’च्या तबकडीवर ‘17 ज्वेल्स’ लिहिले आहे ना, ते तेच. वर प्लास्टिक, आत कुरुंद.

या कारखान्यातल्या कुरुंदाची आठवण रायपूरच्याच एका बातमीनेही झाली. एप्रिल 2025 मध्ये नवा रायपूरला पॉलिमाटेक कंपनीच्या 1,143 कोटींच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाची पायाभरणी झाली, गॅलियम नायट्राइडच्या चिपसाठी. बातम्यांत ‘सिक्स-जी’चा गजर फार झाला. मला आठवला तो 2014 चा नोबेल : आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळ्या एलईडीसाठी हेच गॅलियम नायट्राइड वाढवले ते सफायरच्या चकतीवर. तिथे अणूंच्या मापाचा खडबडीतपणासुद्धा चालत नाही. आणि ती चकती शेवटी घासतात कशाने? हिऱ्याने नव्हे, कठिणतेत तिच्याहून मऊ असलेल्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांनी. पाण्यात सफायरचा वरचा थर किंचित बदलतो, सिलिकाशी जोडला जातो आणि मऊ होऊन निघून जातो. निम्मे काम घासण्याचे, निम्मे रसायनाचे. सिरियम ऑक्साइडही काचेवर असेच करते. म्हणजे न्यूटनचे म्हणणे तेवढ्यापुरते अपुरे पडले.

हे घरी जमणार नाही. ‘स्क्रॅच-प्रूफ’ या जाहिरातीवरही विसंबू नये. सफायर कठीण आहे, चिवट नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावर आपटली तर चरा न पडता थेट तडकते.

तेव्हा वाचकमहाशय, नव्या घड्याळाची काच घड्याळजीकडून बदलून घ्या, पॉलिशपेक्षा स्वस्त पडेल. वडिलांच्या घड्याळाला टूथपेस्ट चालेल, पण हाताला लावलेले सॅनिटायझर सुकल्याशिवाय त्याला हात लावू नका. अल्कोहोलने ॲक्रिलिकला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, आणि त्या कुठल्याही पेस्टने निघत नाहीत.