तुरटीचा साका कुणाच्या बाजूचा?

आजीच्या फडताळात तुरटीचा खडा नक्की सापडेल. गढूळ पाण्यात तो दोन-चार वेळा फिरवला की गाळ हळूहळू तळाला बसतो. तोच खडा एकदा आमच्या बाई वर्गात घेऊन आल्या.

तुरटी पाण्यात विरघळली. पाणी एकदम नितळ! मग बाईंनी डोळ्यांवर गॉगल चढवला आणि ड्रॉपरनं कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब सोडलं. (हा सोडा कातडी भाजतो, घरी अजिबात हात लावू नका.) थेंब पडला तिथं पांढरं काहीतरी तरंगायला लागलं. दह्यासारखं घट्ट नाही, भाताच्या पेजेसारखं बुळबुळीत. हे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. माठातला गाळ कवटाळून खाली नेतं ते हेच बरं का!

बाईंनी तो साका दोन परीक्षानळ्यांत वाटला. पहिलीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, नळी हलवली, साका गायब. यात फारसं नवल नाही. पोटातलं आम्ल शमवणाऱ्या पांढऱ्या औषधांतही हे हायड्रॉक्साइड असतं.

दुसरीत मात्र बाई पुन्हा कॉस्टिक सोडाच घालायला लागल्या.

"बाई, त्यानंच तर साका झाला! आता आणखी दाट होणार," मागच्या बाकावरून आवाज आला.

थेंब, थेंब, थेंब... आणि साका विरळ होत होत नाहीसाच झाला!

झालं काय, तर अ‍ॅल्युमिनियमला तीन हायड्रॉक्साइड चिकटले की पाण्यात न विरघळणारा साका बनतो. सोडा आणखी पडला की तो चौथाही पकडतो, अंगावर ऋण प्रभार येतो आणि गडी पाण्यात मिसळून जातो. आम्लापुढे आम्लारी, आम्लारीपुढे आम्ल! अशा पदार्थाला उभयधर्मी म्हणतात. मी म्हणेन, दोन्ही डगरींवर हात. अमोनियाला मात्र तो दाद देत नाही. तो आम्लारी पडला दुबळा.

ही खोड कार्ल बायर या रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये कामाला लावली. बॉक्साइटचे तांबूस दगड आपल्या कोल्हापूरच्या डोंगरांवरही मिळतात. त्यांची भुकटी गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवली की अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. लोखंड मात्र सोड्याला बधत नाही, लाल चिखल होऊन मागे उरतं. गाळलेलं द्रावण थंड केलं की पुन्हा पांढरं हायड्रॉक्साइड खाली बसतं. तुमच्या घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं बनतं ते त्याच्यापासूनच.