पहिला पास गोलरक्षकाचा

फुटबॉल हा अकरा विरुद्ध अकरांचा खेळ, असं आपण म्हणतो. पण चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याच्यापुरता हिशेब वेगळा असतो. समोरचा गोलरक्षक आपला गोल मोकळा सोडून चेंडू हिसकावायला येत नाही. म्हणजे चेंडूमागे धावणारे दहा. आणि चेंडू राखणारे किती? गोलरक्षकाला पायाने नीट खेळता येत असेल तर अकरा, नाहीतर दहाच. या एका माणसाच्या फरकाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फुटबॉलचे डावपेच मुळापासून बदलले. गोलरक्षकाचा पास ही केवळ कसरत नाही. समोरच्या दहा जणांनी मैदानात कुठे उभं राहायचं, हे त्यावरून ठरतं. पुष्कळदा तो पास द्यावाही लागत नाही. हा माणूस तो देऊ शकतो, एवढा धाक पुरतो.

नियम बदलला, माणूस बदलला

१९९० साली इटलीत झालेला विश्वचषक गोलांच्या दुष्काळासाठी ओळखला जातो. सरासरी सामन्याला २.२१ गोल, विश्वचषकाच्या इतिहासातली सर्वांत कमी. आघाडी मिळाली की वेळ काढायची सोपी युक्ती होती: बचावपटूने चेंडू मागे गोलरक्षकाला द्यायचा, त्याने तो हातात घ्यायचा, पुन्हा बचावपटूकडे सरकवायचा, पुन्हा मागे घ्यायचा. प्रेक्षक कंटाळून जायचे. १९९२च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कने जर्मनीला २-० असं हरवून सगळ्यांना चकित केलं. त्या अंतिम सामन्यातही डेन्मार्कचा गोलरक्षक पीटर श्मायकेल मागे आलेला चेंडू पुनःपुन्हा उचलत होता. जुन्या नियमाखाली खेळली गेलेली ती शेवटची मोठी स्पर्धा.

त्याच उन्हाळ्यात नियम बदलला. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, घेतला तर प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक. बार्सिलोना ऑलिम्पिकपासून हा नियम मोठ्या स्पर्धांमध्ये लागू झाला. सुरुवातीला बहुतेक गोलरक्षकांची त्रेधातिरपीट उडाली. मागे आलेला चेंडू डोळे मिटून पुढे टोलवायचा, एवढंच त्यांना सुचत होतं. पण काही प्रशिक्षकांना या बंधनात संधी दिसली.

डच फुटबॉलमध्ये ही दृष्टी आधीपासून होती. १९७४च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या गोलमध्ये यान योंगब्लूड उभा होता, तोही ८ क्रमांकाची जर्सी घालून. गोल सोडून पुढे येण्याची आणि पायाने खेळण्याची त्याची तयारी संघाच्या खेळाला साजेशी होती. बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे सरकणार, तर तिच्या मागची मोकळी जागा कोणीतरी सांभाळायला हवीच. नवा नियम आल्यावर आयॅक्समध्ये एडविन व्हान डेर सार घडला. १९९५ साली आयॅक्सने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा आक्रमणाचा पहिला पास अनेकदा त्याच्याच पायातून निघत होता. डच फुटबॉलचा हाच विचार योहान क्रायफने बार्सिलोनात रुजवला, आणि त्याच्या हाताखाली मधल्या फळीत खेळलेला पेप ग्वार्डिओला पुढे तो घेऊन इंग्लंडला गेला.

क्रिकेटप्रेमींना हा बदल चटकन समजेल. ॲडम गिलख्रिस्टनंतर यष्टिरक्षक निवडताना त्याची फलंदाजी पाहिल्याशिवाय चालेनासं झालं. गोलरक्षकाच्या बाबतीत तेच घडलं. फरक एवढाच की यष्टिरक्षकाची फलंदाजी धावफलकावर दिसते, गोलरक्षकाच्या पासचं फळ बहुतेक वेळा तीन-चार पासांनंतर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दिसतं.

गोलकिकचं गणित

हे फळ नेमकं कसं मिळतं, ते गोलकिकच्या वेळी स्पष्ट दिसतं. गोलरक्षक चेंडू घेऊन गोलपासून साडेपाच मीटरवर उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मधला बचावपटू, समोर पेनल्टी एरियाच्या टोकाशी मधल्या फळीतला एक खेळाडू. प्रतिस्पर्ध्यापुढे आता तीनच मार्ग उरतात, आणि तिन्ही महागडे आहेत.

पहिला मार्ग म्हणजे कोणीच पुढे जायचं नाही. मग गोलरक्षक बाजूच्या बचावपटूकडे चेंडू देतो, परत घेतो आणि निवांत पुढे चालू लागतो. कोणीतरी अंगावर यावं, हीच त्याची इच्छा असते.

दुसरा मार्ग, एका आघाडीपटूने गोलरक्षकावर धावून जायचं. तो गेला की त्याने सोडलेला माणूस मोकळा. हुशार आघाडीपटू सरळ धावत नाही, वळसा घेऊन येतो, म्हणजे त्या मोकळ्या माणसाकडे जाणारी वाट त्याच्या अंगाआड राहते. पण गोलरक्षक तयारीचा असेल तर चेंडू समोरच्या मध्यरक्षकाला देतो आणि तो एका स्पर्शात मोकळ्या बचावपटूकडे वळवतो. दोन पासांत दोन-तीन प्रतिस्पर्धी चेंडूच्या मागे पडतात आणि पुढे संख्याबळ आपलं होतं.

तिसरा मार्ग सर्वांत धाडसी. प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, पार पेनल्टी एरियापर्यंत. पण मग मागे अर्धं मैदान ओस पडतं आणि तिथे बचावपटू आणि आघाडीपटू एकास एक उभे असतात. गोलरक्षकाच्या पायात साठ-सत्तर मीटरचा अचूक टोला असेल तर एका चेंडूत सगळा सापळा फुटतो. शिवाय गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. आघाडीपटू बचावफळीच्याही पलीकडे जाऊन उभा राहू शकतो. त्याला धरायला बचावपटू मागे सरकले की त्यांच्या आणि मधल्या फळीच्या दरम्यान मोठी पोकळी तयार होते. मग छोट्या पासांनाही वाट मिळते.

म्हणजे लांब टोला आणि छोटा पास एकमेकांना बळ देतात. फक्त छोटा पास देणाऱ्या गोलरक्षकाला कोंडता येतं. फक्त लांब मारणाऱ्याची वाट पाहता येते. दोन्ही करणाऱ्यासमोर नेमकं काय धरायचं आणि काय सोडायचं, हा पेच सुटत नाही.

२०१९ मध्ये आणखी एक नियम बदलला. त्याआधी गोलकिकचा चेंडू पेनल्टी एरियाबाहेर गेल्याशिवाय कोणाला खेळता येत नसे. आता तो लाथाडून हलला की खेळात आला. त्यामुळे बचावपटू गोलरक्षकाच्या अगदी शेजारी चेंडू घेऊ लागले आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडूमागे आणखी आत यावं लागलं. तो जितका आत येईल, तितकी त्याच्या पाठीमागची जागा वाढते.

मँचेस्टरचा धडा

२०१६ साली ग्वार्डिओला मँचेस्टर सिटीत आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने जो हार्टला बाजूला केलं. हार्ट इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक होता, सिटीच्या दोन लीग विजेतेपदांचा मानकरी. चाहत्यांना तो निर्णय झोंबला. त्याच्या जागी बार्सिलोनाहून क्लॉडिओ ब्राव्हो आला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये सिटी बार्सिलोनाच्याच मैदानावर खेळत होती. सिटी एका गोलने मागे होती. ब्राव्हो पेनल्टी एरियाबाहेर आला, त्याचा पास थेट लुइस सुआरेझच्या पायाशी गेला, सुआरेझने रिकाम्या गोलच्या दिशेने चेंडू मारला आणि ब्राव्होने तो एरियाबाहेरच हाताने अडवला. लाल कार्ड. सामना सिटीने ४-० असा गमावला. त्या मोसमात सिटीला एकही चषक मिळाला नाही.

टीका होऊनही ग्वार्डिओलाने पद्धत सोडली नाही, त्या पद्धतीला पेलणारा माणूस शोधला. २०१७ मध्ये बेनफिकाकडून सुमारे साडेतीन कोटी पौंडांना ब्राझीलचा एडरसन आला. डावखुरा, निर्धास्त, अंगावर आघाडीपटू येत असतानाही चेंडूवर पाय ठेवून थांबणारा. त्याचा टोला किती लांब जातो याची नोंद गिनेसच्या दफ्तरी आहे: मे २०१८ मध्ये त्याने हातातून सोडलेला चेंडू ७५.३५ मीटर मारला. पण लांबीपेक्षा मोलाची होती ती त्याच्या टोल्याची ठेवण. चेंडू उंच तरंगत न जाता सपाट, वेगात जातो आणि सहकाऱ्याला तो धावता धावता घेता येतो.

एडरसनच्या पहिल्याच मोसमात सिटीने लीगमध्ये १०० गुण मिळवले. ऑगस्ट २०१८ मध्ये हडर्सफील्डविरुद्ध त्याने आपल्या गोलजवळून मारलेला चेंडू सर्जिओ अग्वेरोने पलीकडच्या टोकाला घेतला आणि पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद आत टाकला. सिटीने सामना ६-१ असा जिंकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध इल्काय गुंडोआननेही एडरसनच्या अशाच लांब चेंडूवर गोल केला. असे गोल मोसमात क्वचितच होतात. पण एकदा झाले की पुढच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची बचावफळी चार पावलं मागे उभी राहते, आणि तीच जागा सिटीच्या मधल्या फळीला आंदण मिळते.

चूक कोणाची?

या खेळात चूक महाग पडते. १९९०च्या विश्वचषकात कोलंबियाचा रेने हिगिता गोलपासून दूर चेंडू खेळवत असताना कॅमेरूनच्या रॉजर मिलाने तो हिसकावला आणि कोलंबिया स्पर्धेबाहेर गेला. डिसेंबर २०११ मध्ये रिआल माद्रिदच्या मैदानावर सामना सुरू होऊन अर्धा मिनिटही झालं नव्हतं, तोच बार्सिलोनाच्या व्हिक्टर वाल्देसचा पास चुकला आणि करीम बेंझेमाने गोल केला. ८० हजारांच्या घरातलं मैदान अंगावर आलेलं. वाल्देसने पुढचा पासही आपल्या माणसालाच दिला, त्यानंतरचाही. बार्सिलोना ३-१ ने जिंकली.

इथे प्रशिक्षकाची कसोटी लागते. पासची ही पद्धत गोलरक्षकाच्या एकट्याच्या हिमतीवर चालत नाही. दोन्ही बचावपटूंनी रुंद पसरायचं, मध्यरक्षकाने सतत नवा कोन द्यायचा, हे सगळं त्याच्या पासवर भरवसा ठेवून केलेलं असतं. चुकीनंतर बाकावरून ओरडा आला, की पुढच्या वेळी तो चेंडू टोलवून मोकळा होतो. मग पसरलेले बचावपटू जागच्या जागी अडकतात आणि परत येणारा चेंडू थेट गोलकडे जातो. अर्धवट धीर पूर्ण भित्रेपणापेक्षा जास्त नुकसान करतो.

चुकीनंतरही पद्धत न सोडण्याची एक झलक गोव्यातही पाहायला मिळाली. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी या क्लबचा बहुसंख्य हिस्सा घेतला आणि पुढच्या मोसमात बार्सिलोनाच्या मुशीत घडलेले सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले. कोविडमुळे पूर्ण मोसम गोव्यात झाला. गोलरक्षक अमरिंदर सिंग कर्णधार होता. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात मुंबईने आपल्याच भागात चेंडू गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. मुंबईने तरीही हिंमत सोडली नाही आणि बरोबरी साधली. शेवटच्या मिनिटांत बिपिन सिंगने गोल करून सामना २-१ असा फिरवला. लीग शील्ड आणि करंडक दोन्ही त्या मोसमात मुंबईला मिळाले.

पास की बचाव?

२०२५च्या उन्हाळ्यात दोन उलट दिशांचे निर्णय झाले. पॅरिस सें-जर्मेंला चॅम्पियन्स लीग जिंकून देण्यात मोठा वाटा असलेल्या जानलुइजी डोन्नारुम्माला प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनी बाजूला ठेवलं. त्यांना वेगळ्या धाटणीचा गोलरक्षक हवा होता. आणि त्याच डोन्नारुम्माला घेतलं ते ग्वार्डिओलाच्या सिटीने, एडरसन तुर्कस्तानला गेल्यावर. डोन्नारुम्माचं खरं बळ चेंडू अडवण्यात आहे, पायात नाही.

याचा अर्थ पासचं युग संपलं, असा मुळीच नाही. अंगावर येऊन माणूस धरणारे संघ वाढले, तशी गोलरक्षकाजवळ छोटे पास देण्याची जोखीम वाढली. आणि चेंडू अडवणं हे पहिलं काम कधीच मागे पडलं नव्हतं. २०२३च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात इंटरविरुद्ध सिटीची १-० ही आघाडी टिकली, ती अखेरच्या मिनिटांत रोमेलू लुकाकूचा हेडर एडरसनने अडवला म्हणून. पण पॅरिस असो वा मँचेस्टर, गोलरक्षक बदलताना संघाच्या सगळ्या आराखड्याचा विचार करावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आपल्या मुलांच्या शिबिरांमध्ये अजूनही बऱ्याचदा गोलरक्षक कोपऱ्यात वेगळा सराव करतो आणि बाकीचे पासचा. हे बदलायला हवं. पासच्या वर्तुळात त्यालाही उभं करा, डाव्या पायाने खेळायला लावा, चेंडू येण्याआधी मान वळवून पाहायची सवय लावा. आणि त्याचा पास चुकला तर त्याच्याआधी बाकीच्यांना विचारा: त्याला पास द्यायला जागा कोणी करून दिली होती?