घरगुती ध्वनिमुद्रण आणि ट्रान्स्फॉर्मरची निवड

२०१६ सालच्या श्रावणांत आमच्या आत्याबाई दोन महिन्यांसाठीं आमच्याकडे राहावयास आल्या. वय अठ्याहत्तर, दृष्टि अधू. परंतु मंगळागौरीचीं, झोपाळ्यावरचीं आणि जात्यावरचीं मिळून शंभरावर गाणीं त्यांना मुखोद्गत होतीं. तीं कोणीं लिहून ठेविलेलीं नव्हतीं, आणि लिहिलीं असतीं तरी त्यांच्या चाली कागदावर थोड्याच उतरणार होत्या! तेव्हां त्या सर्वांचें ध्वनिमुद्रण करावें असें घरांत ठरलें. आणि सोल्डरिंगची हौस असलेला घरांतील एकुलता एक इसम या नात्यानें तें काम माझ्याकडे आलें.

बाजारांत तयार यंत्र मिळत होतें. परंतु हौशी माणसाला तयार वस्तु विकत घेणें म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. मजजवळ १५० ओहमांचा एक जुना डायनॅमिक मायक्रोफोन होता. त्यांतून निघणारी वीज एक-दोन सहस्रांश व्होल्ट इतकीच असते. ती वाढविणारें लहानसें यंत्र मीं एका रविवारांत जुळविलें. मायक्रोफोनच्या मागोमाग लागणारा ट्रान्स्फॉर्मर मात्र माळ्यावर पडलेल्या एका व्हॉल्व्ह-रेडिओंतून काढून घेतला. रेडिओंत तो व्हॉल्व्ह आणि कर्णा यांच्यामध्यें असे. एका बाजूस ५,००० ओहम, दुसऱ्या बाजूस ४ ओहम. तोच उलटा बसवून ४ ओहमांच्या बाजूस मायक्रोफोन जोडला तर वीज पस्तीसपट होऊन मिळेल, असें मीं कागदावर गणित केलें. गणित बरोबर होतें. ‘एक, दोन, तीन’ असें म्हणून मीं यंत्राची परीक्षाहि घेतली. आवाज येतो एवढ्यावरच माझें समाधान झालें. मग आत्याबाईंनीं सलग तीन दुपारीं बसून गाणीं म्हटलीं. तें मुद्रण शांतपणें ऐकावयास घेतलें, तों त्यांचा भरदार आवाज पत्र्याच्या डब्यांतून यावा तसा चिरका येत होता, आणि त्याच्या पाठीमागें भुंग्यासारखी अखंड घूं घूं चाललेली होती.

माझें कोठें चुकलें हें समजून घेण्यांत पुढचे कित्येक महिने गेले. तें येथें सांगावयाचें आहे. कारण अशा हौसेनें घरोघरीं यंत्रें जुळविणारे तरुण पुष्कळ आहेत, आणि मायक्रोफोन, आयसी, सुटे भाग यांची चिकित्सा करणारे तेच तरुण ट्रान्स्फॉर्मरच्या बाबतींत मात्र हातीं येईल तो उचलतात.

रस्त्याच्या कडेचें रोहित्र सर्वांच्या परिचयाचें असतें. आपला ट्रान्स्फॉर्मर म्हणजे त्याचेंच अंगठ्याएवढें भावंड. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं लोखंडाच्या कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून जो प्रयोग केला, तोच येथें चालू असतो. एका वेटोळ्यांत बदलता प्रवाह सोडला कीं लोखंडांत बदलतें चुंबकत्व उत्पन्न होतें आणि त्यामुळें दुसऱ्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. दोहोंमध्यें तारेचा संबंध मुळींच नसतो. दुसऱ्या बाजूस वेढे दसपट असतील तर विजेचा दाब दसपट होतो, हें सर्वांस ठाऊक असतें. विसरली जाते ती दुसरी गोष्ट. विजेला होणारा अडथळा, ज्यास अभियंते इम्पीडन्स म्हणतात, तो वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गानें बदलतो. एकास दहा प्रमाणाच्या ट्रान्स्फॉर्मरमधून पाहिलें असतां १५० ओहमांचा मायक्रोफोन पुढील यंत्राला १५,००० ओहमांचा दिसतो. उलट पुढील यंत्राचे १,५०,००० ओहम मायक्रोफोनला १,५०० ओहम म्हणून दिसतात. हा आंकडा मायक्रोफोनच्या स्वतःच्या ओहमांच्या पांच ते दहापट असला म्हणजे त्याचा आवाज मोकळा येतो. ट्रान्स्फॉर्मर हा असा मध्यस्थ आहे. सोयरीक जुळवितांना दोन्ही घरांची चौकशी करावी लागते, तशी त्याच्या अलीकडे कोण आहे आणि पलीकडे कोण आहे हें आधीं पाहावें. त्याची स्वतःची किंमत किंवा कीर्ति मागाहून विचारावी.

मग प्रमाण बरोबर असूनहि माझा आवाज चिरका कां आला? कारण प्रमाण हें सर्वस्व नव्हे. दहास साडेतीनशें वेढे हेंहि एकास पस्तीस, आणि शंभरास साडेतीन हजार हेंहि एकास पस्तीसच. वेढे थोडे असले व गाभ्याचें लोखंड सामान्य असलें तर वेटोळ्याचें इंडक्टन्स अपुरें पडतें. मंद कंपनांच्या स्वरांना असें वेटोळें साध्या तारेसारखें वाटतें, आणि मायक्रोफोनची वीज पुढें न जातां तेथेंच जिरते. रेडिओच्या त्या ट्रान्स्फॉर्मरचें मोठ्या बाजूचें इंडक्टन्स १० हेन्री धरलें, तर धाकट्या बाजूचें त्याच्या साडेबाराशेंव्या हिश्शाइतकें, म्हणजे अवघें ८ मिलिहेन्री भरतें. १५० ओहमांच्या मायक्रोफोनपुढें तें सेकंदास ३,००० कंपनांच्या खालीं आलें कीं हात टेकूं लागतें. स्त्रियांच्या गाण्यांतील षड्ज बहुधा २०० ते २५० कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे आत्याबाईंचा मूळ स्वर त्या पेटींत जेमतेम शिरला. वरच्या छटा तेवढ्या शिरल्या. २० कंपनांपर्यंतचा आवाज उतरवावयाचा असेल तर अशा मायक्रोफोनच्या बाजूस निदान सव्वा हेन्री तरी हवें, आणि चांगल्या ट्रान्स्फॉर्मरांत तें याहून कितीतरी अधिक असतें.

कोणी म्हणेल, ट्रान्स्फॉर्मर हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. केवळ मायक्रोफोनसाठीं बनविलेले आयसी आज मिळतात आणि ते थोड्या पैशांत स्वच्छ काम करतात. जुन्या यंत्रांच्या आवाजांतील ‘ऊब’ ट्रान्स्फॉर्मरमुळें येते असें सांगतात. तें कांहीं अंशीं खरें आहे. पण ती ऊब म्हणजे आवाजाची सूक्ष्म विकृतिच होय, आणि केवळ तिच्यासाठीं खर्च करूं नये असें मला वाटतें. त्याचा खरा उपयोग दोन यंत्रांमध्यें तारेचा संबंध न ठेवतां आवाज पोंचविणें हा. जुन्या वाड्यांतील वीजजोडणी आठवावी. संगणक माजघरांतल्या प्लगवर, ध्वनियंत्र पडवींतल्या प्लगवर, आणि दोघांच्या अर्थिंगमध्यें सूक्ष्म फरक. कीं लागलीच घूं घूं सुरू! अशा वेळीं दोहोंमध्यें १०,००० ओहमांस १०,००० ओहम असा एकास एक ट्रान्स्फॉर्मर घातला कीं ती व्याधि बहुधा एका दिवसांत बरी होते. तो ज्या यंत्रांत आवाज जावयाचा त्याच्या जवळ बसवावा. त्याच्या पुढची तार लांब ठेवली तर वरचे स्वर मंदावतात.

मायक्रोफोनसाठीं ट्रान्स्फॉर्मर घेतांना प्रमाण अधिक तितकें चांगलें, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. पुढें व्हॉल्व्ह असेल तर एकास दहा योग्य. ५५३४ या क्रमांकाचा प्रसिद्ध आयसी असेल तर एकास पांच ते आठपर्यंत तो सर्वांत कमी सळसळ करतो. पुढें अल्प-सळसळीचे ट्रान्झिस्टर असतील तर एकास दोन ते चार पुरे. याहून अधिक वेढे घातले तर वेढ्यांमधील धारकता वाढून वरचे स्वर बोथट होतात. आणि ‘स’ व ‘श’ यांतील भेद कमी होऊं लागला म्हणजे गाण्याचे शब्दच हरवले.

गाभ्याचा विषय जरा खोल आहे, परंतु सर्व मर्म तेथेंच आहे. मायक्रोफोनची वीज अत्यल्प, म्हणून तेथें थोड्या विजेनेंहि सहज चुंबकत्व घेणारा धातु पाहिजे. असा धातु म्हणजे म्यू-मेटल. यांत सुमारें पाऊण हिस्सा निकेल असतें; तो १९२३ सालीं इंग्लंडांत समुद्राखालील तारायंत्राच्या केबलांसाठीं शोधून काढण्यांत आला. मात्र जो लवकर भरतो तो लवकर तुडुंबहि होतो. सिलिकॉनमिश्रित पोलाद जेवढें चुंबकत्व पेलतें त्याच्या निम्म्याहि आधीं म्यू-मेटल हात वर करतो, आणि मग आवाज फाटतो. त्यांतहि गंमत अशी कीं, आवाज तेवढाच ठेवून स्वर खालीं आणला तर गाभ्यावरील भार वाढतो. १,००० कंपनांना जेवढा भार, त्याच्या पन्नासपट २० कंपनांना. म्हणून विक्रेता ‘हा इतका मोठा आवाज पेलतो’ असें सांगूं लागला तर त्यास ‘किती कंपनांना?’ असें अवश्य विचारावें. १,००० कंपनांचा आंकडा सांगणारा मनुष्य कांहींच सांगत नाहीं. पखवाजाच्या धुमाळीचें मुद्रण करणाऱ्यानें २० किंवा ३० कंपनांचा आंकडा मागावा. ओव्या आणि भूपाळ्या यांचें भागवणाऱ्यानें इतकी कसोशी न केली तरी चालेल. यंत्राच्या शेवटीं, आवाज बाहेर पाठविण्याच्या जागीं, वीज मोठी असते; तेथें पोलाद किंवा निम्मे निकेल असलेला मिश्रधातु, आणि आकारानेंहि मोठा गाभा हवा.

शेवटच्या जागीं बसवावयाच्या ट्रान्स्फॉर्मरबद्दल एक धोक्याची सूचना. रुपर्ट नीव्ह यांच्या १९७० सालच्या १०७३ या यंत्राची नक्कल करण्याची हौशी मंडळींस फार आवड. त्याच्या अंतिम भागांत एकच मोठा ट्रान्झिस्टर असून त्याचा स्थिर प्रवाह ट्रान्स्फॉर्मरच्या वेटोळ्यांतून सतत वाहतो. तो पेलावा म्हणून गाभ्यांत मुद्दाम बारीक फट ठेविलेली असते. तेथें फट नसलेला दुसरा उत्तम ट्रान्स्फॉर्मर बसविला, तर दाम दुप्पट देऊनहि गाभा आधींच भरून बसतो आणि आवाज बिघडतो.

आतां भुंग्याची कथा. माझ्या पेटींत विजेचा मोठा ट्रान्स्फॉर्मर आणि मायक्रोफोनचा छोटा हे शेजारीं शेजारीं बसले होते. मोठ्याचें चुंबकत्व सेकंदास ५० वेळां हेलकावे खात छोट्यांत उतरत होतें. छोटा रेडिओंतला, उघडाबोडका. मायक्रोफोनचा ट्रान्स्फॉर्मर म्यू-मेटलच्या डबींत बंद केलेलाच घ्यावा. दोन वेटोळ्यांमधील तांब्याचा पडदा ही निराळी वस्तु. तो विजेचा कलकल अडवितो, चुंबकत्व नव्हे. पुष्कळ विक्रेते दोहोंस ‘शील्ड’ म्हणून मोकळे होतात. तेव्हां कोणतें शील्ड तें विचारून घ्यावें. तपकीर गल्लींत किंवा लॅमिंग्टन रोडवर हिंडतांना हा प्रश्न विचारला म्हणजे विक्रेत्याचें ज्ञानहि लगेच कळतें. विजेचा भाग शक्यतों निराळ्या पेटींत, हातभर दूर ठेवावा. तें न जमेल तर सोल्डर करण्यापूर्वीं कानांस हेडफोन लावून छोटा ट्रान्स्फॉर्मर हळूहळू फिरवून पाहावा. एका विशिष्ट कोनांत गुणगुण एकदम खालीं जाते.

म्यू-मेटलची प्रकृति नाजूक असते. तो जमिनीवर पडूं देऊं नये. आपटल्यानें त्याचा गुण कमी होतो. तार तुटली कीं काय हें पाहण्यास मल्टिमीटरनें त्याचा रोध मोजूं नये. मीटरची स्थिर वीज गाभ्यांत चुंबकत्व ठेवून जाते. कंडेन्सर मायक्रोफोनास ४८ व्होल्ट देतांना दोन्ही तारांस ६,८०० ओहमांचे जे रोधक लावतात, त्यांत २७ ओहमांहून अधिक अंतर नसावें, म्हणजे दोन्ही अंगांचा प्रवाह परस्परांस तोलून धरतो. ट्रान्स्फॉर्मरच्या पुढें किती ओहम व कोणता कपॅसिटर लावावा याची तालिका निर्माता देतो, ती निमूटपणें पाळावी. तीवांचून वरच्या स्वरांत कांसें वाजल्यासारखा खणखणाट येतो. अमेरिकेंतील जेन्सन, स्वीडनमधील लुंडाल, इंग्लंडांतील सोटर यांच्या तालिका वाचणें हेंच एक शिक्षण आहे, मग माल कोणाचाहि घ्या. ज्याची तालिकाच नाहीं तो ट्रान्स्फॉर्मर फुकट मिळाला तरी गाण्यासाठीं वापरूं नये.

मीं पुढें एकास दहा प्रमाणाचा, डबींतला ट्रान्स्फॉर्मर मागविला. त्याची किंमत बाकीच्या सगळ्या यंत्राहून अधिक पडली, आणि यावर वहिनींनीं जें ऐकवावयाचें तें ऐकविलें. २०१७ सालच्या चैत्रांत आत्याबाई पुन्हां आल्या. मध्यंतरीं त्यांना अर्धांगाचा हलकासा झटका येऊन गेला होता. आवाज ठीक होता, आणि या वेळचें मुद्रण कसें उतरलें हें काय सांगावें! बांगड्यांचा किणकिणाट देखील त्यांत आहे. “अरे, तुझ्या पेटींतला भुंगा गेला वाटतं,” असें त्या ऐकतांना म्हणाल्या. परंतु सात गाणीं त्यांना कांहीं केल्या आठवलीं नाहींत. तीं पहिल्या मुद्रणांतच आहेत. संगणकावर ५०, १०० आणि १५० कंपनांची घूं घूं मीं कापून पाहिली; तिच्याबरोबर आवाजांतलेंहि कांहीं कापलें जातें, आणि खालचे स्वर वाढवूं गेलें कीं उरलासुरला भुंगाहि वाढतो. शेवटीं तें मुद्रण होतें तसेंच ठेवून वहिनी कानांस हेडफोन लावून बसल्या. सातांपैकीं चार त्यांनीं बसविलीं आहेत. तिहींचे शब्द अद्याप लागत नाहींत.