खतावणीची दुसरी प्रत कोठे आहे?

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरु शहराने विलक्षण पाऊस अनुभवला. ५ सप्टेंबरच्या सकाळी बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता व बाह्य वर्तुळाकार मार्ग हा माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचा परिसर जलमय झाला होता. अनेक कर्मचारी ट्रॅक्टरमधून कार्यालयात पोहोचले, इमारतींची तळघरे पाण्याने भरली. मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील पंपगृहात पाणी शिरल्याने ऐन पुरात शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठाही खंडित झाला.

मोठ्या कंपन्यांनी आपली माहिती दूरच्या केंद्रांवर जपलेली असते. आधारची माहितीही बंगळूरु आणि मानेसर अशा दोन दूरच्या ठिकाणी ठेवली जाते. चिंता असते ती लहान व्यावसायिकाची. त्याचा संगणक बहुधा तळमजल्यावर, टेबलाखाली, जमिनीलगत असतो, आणि त्याच संगणकात त्याचा सारा हिशेब असतो.

हा हिशेब संगणकात आणण्याचे पुष्कळसे श्रेय बंगळूरुकडेच जाते. श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये येथे सुरू केलेल्या उद्योगातून 'टॅली' घडले आणि रोजकीर्द-खतावणीची लाल वही हळूहळू मागे पडली. वही भिजली तरी पाने वाळवून वाचता येत. हार्ड डिस्क निकामी झाली तर तसे काही करता येत नाही. यंत्राचा विमा यंत्राची किंमत देईल. पाच वर्षांची येणी कोणाकडून किती, हे तो सांगणार नाही. कॅश क्रेडिट खातेदाराला तर येणेकऱ्यांची यादी दरमहा बँकेला द्यावी लागते. ती नसेल तर ड्रॉइंग पॉवर कशाच्या आधारे काढायची?

पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यास किंवा चिकपेठेतील कापड दुकानास परवडणारा एक पर्याय म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, व्यवहारातील भाषेत 'नॅस'. लहानशा खोक्याएवढ्या या यंत्रात साधारणतः २ किंवा ४ हार्ड डिस्क बसतात. ते कार्यालयाच्या नेटवर्कला केबलने जोडले की सर्व संगणकांना सामाईक कपाट मिळते. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणता कप्पा उघडावा हे ठरवता येते आणि रोज रात्री हिशेबाची प्रत आपोआप तेथे जाते. दोन डिस्कवर एकच माहिती लिहिण्याची सोय असल्याने एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही.

येथेच अनेकांची गफलत होते. दोन डिस्क म्हणजे दोन सुरक्षित प्रती नव्हेत. लेखनिकाने चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. पूर किंवा आग यांनाही दोन डिस्क एकाच खोक्यात सापडतात. खंडणीखोर संगणकीय हल्ल्यांचे तर सांगायलाच नको. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या हल्ल्याने इंटरनेटवर उघडी ठेवलेली नॅस यंत्रेच लक्ष्य केली होती.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे उदाहरण बोलके आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ल्यामुळे तेथील ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली आणि नोंदणी हाताने कागदावर करावी लागली. संसदेत दिलेल्या माहितीनुसार बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून सर्व माहिती परत मिळाली. मात्र बहुतांश कामकाज पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. तो एक सर्व्हर हल्ल्यापासून अलग राहिला, म्हणून हे शक्य झाले.

म्हणून जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक प्रत वास्तूबाहेर, असा दंडक सांगतात. बेळगाव किंवा कोल्हापूर येथे शाखा असल्यास तेथे दुसरे नॅस ठेवता येते. क्लाउड सेवा घेतल्यास इंटरनेटचा वेग आधी पाहावा. ५० एमबीपीएस वेगाने १ टेराबाइट माहिती पाठविण्यास सुमारे ४५ तास लागतात, आणि संकटसमयी परत आणतानाही असाच वेळ मोजावा लागतो. सर्वांत साधा मार्ग म्हणजे दोन बाह्य हार्ड डिस्क घेऊन त्या आळीपाळीने वापरणे. एक कार्यालयात, दुसरी पासवर्डने कुलूपबंद करून मालकाच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कपर्यंत हल्लेखोर पोहोचू शकत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार, हिशेब संगणकीय स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज घ्यावा लागतो. हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. प्रोप्रायटर व भागीदारी संस्थांना दररोजच्या बॅकअपचा हा नियम लागू नाही, परंतु जीएसटी नोंदणी असेल तर ७२ महिन्यांचा नियम त्यांनाही आहे.

एक तपासणी मात्र कोणतेही यंत्र आपणहून करून देत नाही. तिमाहीतून एकदा, शनिवारी दुपारी, रिकाम्या संगणकावर लॉकरमधील डिस्क जोडावी, मागील महिन्याचा ट्रायल बॅलन्स उघडावा आणि फाइलमधील छापील प्रतीशी ताडून पाहावा. त्यास किती तास लागले, तेही त्याच कागदाच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवावे.